तीन कायदे चालतात, मग तीन ‘लेजिस्लेशन्स’ का नाहीत?

मध्यंतरी एका परिचितांनी इंग्रजी मसुदा तपासायला दिला होता. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं, ‘थ्री न्यू लेजिस्लेशन्स वेअर पास्ड’. मी ‘लेजिस्लेशन्स’चा शेवटचा ‘स’ खोडला आणि आधी ‘पीसेस ऑफ’ घातलं. त्यांनी लगेच विचारलं, “कायदे मोजता येतात ना? प्रत्येकाला नाव असतं, वर्ष असतं. मग हा शब्द अनकाउंटेबल कसा?”

प्रश्न अगदी रास्त होता. मोजता येणाऱ्या वस्तूंची नावं काउंटेबल आणि पाणी, वाळू, धूर यांसारख्या मोजता न येणाऱ्या गोष्टींची नावं अनकाउंटेबल, असं आपण शाळेत शिकतो. ही व्याख्या टिकत नाही. आपलेच केस बघा. मराठीत ‘केस पिकले’ म्हणतो, अनेकवचनात. त्याच डोक्यावरचे तेच केस इंग्रजीत ‘हेअर इज’ होतात, एकवचनी आणि अनकाउंटेबल. इंग्रजीतलं ‘फर्निचर’ अनकाउंटेबल, तर फ्रेंचमध्ये त्याच अर्थाचा ‘मब्ल’ हा शब्द खुशाल मोजला जातो. वस्तू तीच राहते, बदलते ती भाषेने तिच्यासाठी केलेली सोय.

‘लेजिस्लेशन’ची सोय त्याच्या जन्मातच आहे. लॅटिनमध्ये ‘लेजिस’ म्हणजे कायद्याचा, ‘लातिओ’ म्हणजे आणणं, मांडणं. म्हणजे हा शब्द मुळात क्रियेचा: कायदा मांडण्याची क्रिया. क्रियेची नावं बहुधा मोजली जात नाहीत. पुढे त्या क्रियेतून जे तयार होतं, त्या लिखित नियमांच्या एकत्रित साठ्यालाही तोच शब्द लागला, पण व्याकरण जुनंच राहिलं. म्हणून ‘धिस लेजिस्लेशन इज’, ‘मच लेजिस्लेशन’, ‘अंडर एग्झिस्टिंग लेजिस्लेशन’. मोजायचंच असेल तर मध्ये ‘पीस ऑफ’ हवं. त्याचा शेजारी ‘स्टॅट्यूट’ मात्र एकेका कायद्याचं नाव, म्हणून ‘थ्री स्टॅट्यूट्स’ बिनदिक्कत लिहावं. आणि ‘लॉ’ दोन्ही घरचा: ‘अ लॉ’ म्हणजे एक कायदा, नुसता ‘लॉ’ म्हणजे कायदा ही सगळी व्यवस्था किंवा तो विषय.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. व्याकरण मोजू देत नाही, तेव्हा मन मोजतं का? डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोठ्या माणसांना आणि चार वर्षांच्या मुलांना हेच विचारलं. रीत साधी होती. एकाकडे आकाराने मोठी वस्तू, दुसऱ्याकडे त्याच प्रकारच्या छोट्या पण संख्येने जास्त वस्तू, आणि प्रश्न एवढाच: जास्त कोणाकडे? बुटांसारख्या काउंटेबल नामांना लोकांनी संख्या पाहिली. टूथपेस्टसारख्या पदार्थाला एकूण प्रमाण पाहिलं. इथवर शाळेचं पुस्तक बरोबर. पण ‘फर्निचर’ या अनकाउंटेबल शब्दालाही लोकांनी संख्याच पाहिली! व्याकरणाने दार लावलं होतं, तरी मनाने आतले नग मोजले. याउलट ‘स्टोन’सारखा शब्द इंग्रजीत दोन्ही प्रकारे चालतो. तिथे ‘स्टोन्स’ म्हटलं की लोक खडे मोजत आणि नुसतं ‘स्टोन’ म्हटलं की दगडाचं एकूण प्रमाण बघत. शेवटच्या एका ‘स’ने माणसाची मोजपट्टी बदलते, तीही चार वर्षांच्या वयात. मला हे दर वेळी थक्क करतं.

यामागचं गणित तर्कशास्त्रज्ञ गोडेहार्ड लिंक यांनी 1983 मध्ये मांडलं. पाण्यात पाणी मिळवलं तर पाणीच होतं. या गुणाला संचयी निर्देश म्हणू. ‘लॉज’ या अनेकवचनातही तोच गुण आहे: कायद्यांत कायदे मिळवले की कायदेच. एकवचनी ‘अ लॉ’मध्ये तो नाही, कारण एका कायद्यात दुसरा मिळवला तर ‘एक कायदा’ उरत नाही. म्हणजे बेरजेच्या दृष्टीने अनकाउंटेबल नाम आणि अनेकवचन एकाच रचनेत बसतात. या रचनेला लॅटिस म्हणतात. तिच्यात वर-वर जाताना बेरजा होत जातात. फरक खाली उतरताना पडतो. ‘लॉज’च्या तळाशी अविभाज्य घटक आहेत, एकेक कायदा. पाण्याला असा तळ व्याकरण मानत नाही. ‘लेजिस्लेशन’ला तळ आहे (कलमातलं अर्धं वाक्य फाडून काढलं तर त्याला कोणी लेजिस्लेशन म्हणणार नाही), पण त्या तळापर्यंत संख्यावाचक शब्दाला थेट पोचता येत नाही. ‘पीस ऑफ’ हा तिथे उतरायचा जिना. चिनी भाषेत तर जवळजवळ प्रत्येक नामाला असा जिना लागतो. तिथे कायदे ‘बू’ या शब्दाने मोजतात, आणि चित्रपटही त्याच ‘बू’ने.

म्हणून व्याकरणावरून एखाद्या समाजाची बुद्धी किंवा एखाद्या भाषेची ‘वैज्ञानिकता’ ठरवणारे जे दावे सतत फिरत असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. केसांना अनेकवचन दिल्याने मराठी माणूस गणितात पुढे जात नाही आणि न दिल्याने इंग्रज मागे पडत नाही.

आणि या सीमा कायमच्याही नसतात. इंग्रजीत ‘पीज’ हे वाटाण्यांचं एकवचनी समूहवाचक नाम होतं. शेवटचा आवाज लोकांना अनेकवचनाचा वाटला, तो काढून त्यांनी ‘पी’ हा नवा एकवचनी शब्द घडवला. ‘मेल’ अजूनही अनकाउंटेबल आहे, पण त्याच्यापासून झालेला ‘ईमेल’ आपण रोज मोजतो. ‘लेजिस्लेशन्स’ही काही कायदेविषयक लेखनात दिसू लागलं आहे आणि त्याचं काय होईल ते लिहिणारेच ठरवतील.

परिचितांच्या वाक्याचं मात्र त्याच दिवशी ठरवायचं होतं. ‘थ्री पीसेस ऑफ लेजिस्लेशन’ बरोबर होतं, पण जड वाटत होतं. शेवटी तेही खोडून ‘थ्री न्यू लॉज वेअर पास्ड’ केलं.