चिमटा फिरलाय की वाकलाय, आधी एवढं तरी बघा

दर पावसाळ्यात तेच बघतोय. चोरल नाहीतर जानापावच्या बाजूला मोटरसायकल पडते, उचलून बघितलं की चाक समोर आणि हँडल डावीकडे, आणि इंदूरला परत आल्यावर गॅरेजमध्ये एका नजरेत निदान होतं, "भिया, चिमटा बेंड है, नया डलेगा." (चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क.) आणि तेव्हाच दुसरा कोणीतरी, ज्याच्या चिमट्याचा पाइप खरंच वाकलाय, तो चाक गुडघ्यांत धरून हँडलला झटका मारतो, "झालं सरळ" म्हणतो आणि तशीच गाडी घेऊन खंडवा रोडने भेरूघाट उतरतो. पहिल्याचे उगाच पैसे जातात. दुसऱ्याचं काय जाईल ते सांगायला नको.

हँडल बदलणं, लिव्हर बदलणं, स्पोक आवळणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. रिमचा डगमग बघायला चिमट्याला एक झिप टाय बांधा, टोक रिमजवळ ठेवा, चाक फिरवा, दिसतंच. चिमट्याचं तेलाचं सील गळतंय की नाही हेही दिसतंच. हँडलबारच वाकलाय का ते पेट्रोल टाकीवरून बघू नका, वरच्या टीच्या (चिमट्याचे पाइप धरणारी आडवी पट्टी) कडेशी जुळवून बघा, आणि ज्या गाड्यांत हँडलच्या पायाशी रबर असतं तिथे ते रबर पिळलं गेलं नाही ना बघा, कारण त्यात कधीकधी बाकी सगळं ठीक असतं आणि नुसतं हँडलच वाकडं दिसतं. एवढं झालं की खऱ्या प्रश्नाकडे या.

चिमटा म्हणजे दोन पाइप. वर दोन टी त्यांना घट्ट धरतात, खाली एक्सल त्यांना जोडतो. आता लोक विसरतात ती गोष्ट अशी की टीमध्ये पाइपला कुठलीही खाच नाही, खिळा नाही, पाइप फक्त बोल्टच्या आवळण्यावर, घर्षणावर उभा आहे. त्यामुळे चाकाला बाजूने जोर बसला, किंवा गाडी आडवी पडून हँडलचं टोक जमिनीवर आपटलं, तर पाइप टीच्या आत किंचित सरकतात, वरची टी खालच्या टीच्या मानाने थोडी फिरते आणि दोन पाइप एकमेकांना समांतर राहत नाहीत. यात एकही भाग खराब झालेला नसतो! सगळं फक्त चुकीच्या जागी आवळलेलं असतं. याला मी फिरलेला चिमटा म्हणतो. वाकलेला म्हणजे पाइपच्या लोखंडाने कायमचा आकार बदललाय, बोल्ट सगळे काढून ठेवले तरी तो वाकडाच.

कुठला असेल याचा अंदाज पडण्याच्या प्रकारावरूनच येतो. आपल्या माळव्यात काळी माती ओली झाली की पुढचं चाक बाजूला निसटतं, गाडी आडवी होते, हँडल मातीत रुततं: हा बहुतेक फिरलेला निघतो. चोरलच्या नाल्यांत काळ्या दगडावर चाक समोरून धडकलं, किंवा खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आपटलं, तर जोर मागच्या बाजूला जातो आणि साध्या चिमट्याचा पाइप खालच्या टीच्या लगेच खाली मागे वाकतो. बाजूने बघितलं तर चाक इंजिनाच्या जवळ आल्यासारखं दिसतं. पण हा अंदाजच आहे, यावर पार्ट मागवायचा नाही.

तपासायचं असं. गाडी इंजिनखाली स्टँड किंवा मजबूत पेटी लावून उचला, पुढचं चाक हवेत. एक सपाट काचेचा तुकडा घ्या, कडा घासून घेतलेला, कुठलाही काचवाला देईल. दोन टींच्या मधल्या भागात तो दोन्ही पाइपांवर टेकवा. चारही ठिकाणी बसला तर पाइप निदान तिथे समांतर आहेत. एका कोपऱ्यावर दाबलं की समोरचा कोपरा उचलला जातोय तर समांतर नाहीत. आणि बरेच जण इथेच थांबून "बेंड" म्हणतात, तेच चुकतं! काच डुलते म्हणजे फक्त पाइप समांतर नाहीत, ते फिरल्यामुळे की वाकल्यामुळे हे काच सांगत नाही.

ते सांगतो पाना. मडगार्डचे बोल्ट ढिले करा (हे सगळे विसरतात आणि मग मडगार्डच चिमट्याच्या दोन्ही पायांना वाकडं धरून ठेवतं, विशेषतः जिथे त्याच्या आत लोखंडी पट्टी आहे तिथे), एक्सलचा नट आणि त्याचे पिंच बोल्ट (चिमट्याच्या टोकाशी एक्सलला आवळणारे) ढिले, वरच्या टीचे बोल्ट ढिले, मधला मोठा नट ढिला, आणि खालच्या टीचे एवढेच ढिले की पाइप फिरेल पण घसरून खाली येणार नाही. आता चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा. जोर लावावा लागत नाही, ढिलं केल्यावर पाइप स्वतःच जागेवर जायला बघतात. पुन्हा काच लावा. बसली, आणि बाजूने बघता खालच्या टीखाली पाइप मागे वाकलेला दिसत नाही? मग चिमटा फिरला होता, काम जवळपास संपलं, नवीन काहीही लागत नाही. अजून डुलतेय तर काहीतरी वाकलंय.

म्हणूनच मला तो न ढिलं करता झटका मारायचा प्रकार अजिबात आवडत नाही. रानात अडकलात, घरी यायचंय, तेवढ्यापुरता ठीक. पण बोल्ट आवळलेले असताना ओढून सरळ केलेल्या चिमट्यात ताण तसाच राहतो, हँडल सरळ दिसतं आणि पाइप मात्र आत अडकत अडकत चालतात, मग लोक म्हणतात सस्पेन्शन कडक झालं, तेल बदलून बघू. तेलाचा काय संबंध!

आता डुलतेय असं धरू. तरीही पाइपच वाकलाय असं नाही, खालची टी पण वाकलेली असू शकते, आणि इथे अर्धे मेकॅनिक दोन्ही बदलायला लावतात. चाक काढा. ज्या पाइपवर संशय आहे तो टीमध्येच पाव वळसा फिरवा, दुसऱ्या पाइपशी अंतर आणि रेष पुन्हा बघा. वाकडेपणा पाइपबरोबर फिरला, म्हणजे आधी मागे होता तो आता बाजूला दिसतोय, तर पाइप वाकलाय. वाकडेपणा होता तिथेच राहिला तर टी वाकलीय. एका मिनिटाचं काम आहे आणि कोणी करत नाही. टीच्या मधला खांब, ज्यावर हँडल वळतं तो, वाकला असेल तर हँडल वळवताना एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी मोकळं लागतं. हे कोनसेटला (त्या खांबाच्या बेअरिंगला) खाच पडल्यापेक्षा वेगळं आहे, खाच असेल तर हँडल बरोबर मधोमध आल्यावर टकदिशी बसल्यासारखं वाटतं.

पाइप बाहेर काढलात तर काचेवर लोळवून बघा, खाली उजेड दिसतो का. पक्कं मोजायचं तर व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेचा ठोकळा) ठेवून फिरवा आणि डायल गेजने (वाक मोजणारं घड्याळ) बघा. यामाहाच्या बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आतल्या पाइपच्या वाकाची मर्यादा 0.2 मिलिमीटर दिलेली असते आणि शेजारीच इशारा असतो की वाकलेला पाइप सरळ करू नका, तो धोकादायकरीत्या कमजोर होतो. 0.2 म्हणजे डोळ्यांना दिसण्याच्या अलीकडचं. म्हणून "थोडासाच है, प्रेस में निकाल देंगे" हे ऐकलं की पाइप उचलायचा आणि निघायचं. गॅसची ज्योत लावून सरळ करणाऱ्याकडे तर जायचंच नाही. एक्सपल्स 200 ला पुढे 37 मिलिमीटरचे पाइप आहेत आणि 190 मिलिमीटर ट्रॅव्हल (चिमटा दाबला जाण्याची लांबी), म्हणजे बराच लांब पाइप उघडा, त्यावर 21 इंची चाकाचा दट्ट्या, आणि तो एकदा वाकवून पुन्हा उलटा वाकवलेला. नाही चालत. वाकलेला पाइप बदलायचा, बस.

उलट्या चिमट्यांत, म्हणजे नव्या हिमालयन 450 किंवा केटीएम 390 ॲडव्हेंचरसारख्यांत, टी जाड ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या नळीला धरते. फिरण्याचा प्रकार तिथेही तसाच होतो, पण तपासताना बाहेरच्या नळीवर पोचा आलाय का हेही हाताने चाचपून बघा, पोचा असेल तर आतला पाइप सरळ असूनही तिथे येऊन अडकणार. आणि त्या खालच्या टीचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नाहीत, जास्त आवळलं की नळी दबते आणि चिमटा चिकटत चालतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, सियागंजात मिळतो, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे.

परत आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी खालची टी, मग मधला नट, मग वरची टी. एक्सल हाताने आरपार गेला पाहिजे, हातोडा लागत असेल तर थांबा, काहीतरी अजून वाकडं आहे किंवा एक्सलच वाकलाय. हातोड्याने एक्सल ठोकून बसवणाऱ्यांनी चिमट्यांची जितकी वाट लावलीय तितकी पडण्यानेही लावली नसेल. एक्सलचा नट आवळला की पिंच बोल्ट ढिलेच ठेवून गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून चिमटा चार-पाच वेळा पूर्ण दाबा, म्हणजे तो पाय एक्सलवर सरकून आपल्या जागी बसतो, आणि मग पिंच बोल्ट. मडगार्ड शेवटी.

समोरून जोरात धडकलेल्या गाडीची एक गोष्ट मात्र चिमट्याआधी बघा: टाकी काढून स्टिअरिंग हेडच्या मागे, जिथे चेसिसचे पाइप जोडलेत तिथे, रंगाला सुरकुत्या किंवा बारीक चिरा आहेत का. असतील तर चिमट्यावर एक रुपयाही घालू नका, आधी चेसिस. नसतील तर सगळं बसवून मोकळ्या सरळ रस्त्यावर हळू चालवून बघा, हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत नाही ना, आणि पहिल्या फेरीनंतर टीचे आणि एक्सलचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा.