फुल-अपग्रेड म्हणजे डेबियन १२ वरून १३ नव्हे

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कपासून धरमपेठेतल्या क्लासेसपर्यंत डेबियन लिनक्सच्या ॲप्टबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाबद्दल, एकच वाक्य ऐकू येऊन राहिलं आहे: ‘अपग्रेड म्हणजे रोजचं, फुल-अपग्रेड म्हणजे नवी आवृत्ती.’ पहिलं अर्धं चालेल. दुसरं साफ चूक आहे, आणि त्यापायी चालते सर्व्हर झोपतात.

ॲप्ट अपग्रेड तुम्ही रोज चालवता, त्यामुळे त्याचं पुराण लावत नाही. ॲप्ट अपडेट फक्त पॅकेजांच्या ताज्या याद्या आणतं, काही बसवत नाही. तेही ठाऊक आहे. ॲप्टचं फुल-अपग्रेड आणि ॲप्ट-गेट या त्याच्या जुन्या भावाचं डिस्ट-अपग्रेड ही एकाच कामाची दोन नावं, त्यात वाद नको.

कोणत्या आवृत्तीवर जायचं हे अपग्रेड आणि फुल-अपग्रेड या दोन्ही आज्ञा ठरवत नाहीत. ते ठरतं ॲप्टच्या सोर्सेस फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची हे लिहिलेलं असतं तिथे. तिथे बुकवर्म (१२ चं कोडनेम) लिहिलेलं असेल तर फुल-अपग्रेड शंभर वेळा चालवा, मशीन डेबियन १२ वरच राहील. तिथे ट्रिक्सी (१३ चं कोडनेम) लिहिलं आणि साधं अपग्रेड चालवलं, तरी मशीन १३ कडे सरकू लागतं, फक्त अर्धवट. म्हणून सोर्सेसमध्ये कोडनेमऐवजी ‘स्टेबल’, म्हणजे ‘जी चालू स्थिर आवृत्ती असेल ती’, लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी आलं आणि त्या दिवसापासून ‘स्टेबल’चा अर्थच बदलला. ॲप्ट अशा वेळी कोडनेम बदलल्याचं सांगून परवानगी विचारतं, पण न वाचता वाय दाबायची सवय असेल तर विचारून उपयोग काय? आवृत्तीचं नाव लिहा. सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळींतही तेच.

मग अपग्रेड आणि फुल-अपग्रेड यांत फरक कशाचा? बसवलेलं पॅकेज काढून टाकण्याच्या परवानगीचा. एवढाच, पण सगळा खेळ याच्यावर.

ॲप्ट-गेट अपग्रेड नवं पॅकेज आणत नाही आणि जुनं काढत नाही. ॲप्ट अपग्रेड गरज पडली तर नवं आणतं, पण काढत नाही. फुल-अपग्रेड आणतंही आणि काढतंही. ज्या पॅकेजचं नवं रूप कुणाला तरी काढल्याशिवाय बसतच नाही, ते अपग्रेड ‘केप्ट बॅक’ म्हणून बाजूला ठेवतं. रोजच्या वापरात असं क्वचित होतं. मोठ्या आवृत्तीबदलात मात्र काढल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही.

१२ ते १३ मध्ये तर हे ठळक दिसतं. ३२ बिटी मशीनवर २०३८ सालानंतर वेळेचा आकडा ३२ बिटांत मावणार नव्हता, म्हणून वेळ ६४ बिटांत नेली गेली आणि त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या (अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक कोडच्या) पॅकेजांची नावं बदलली. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं, लिबकर्ल४ चं लिबकर्ल४टी६४. तुमचं मशीन आधीपासून ६४ बिटी असलं तरी नावं बदललीच. नवं नाव बसायचं तर जुनं जायला हवं. अपग्रेडला ते जमत नाही, फुल-अपग्रेडला जमतं. म्हणजे काढायच्या यादीत लिबएसएसएल३ दिसलं की घाबरायचं कारण नाही. नव्या पॅकेजांच्या यादीत त्याचा टी६४ जोडीदार सापडला की झालं.

घाबरायचं ते जोडीदार नसलेल्या नावाला. एंजिनेक्स वेब सर्व्हर, मारियाडीबी डेटाबेस सर्व्हर, डेस्कटॉप, टॅलीशी बोलणारं एखादं बाहेरून आणलेलं पॅकेज: यांपैकी काही काढायच्या यादीत असेल आणि बदली काही येत नसेल, तर तिथेच थांबा. फुल-अपग्रेडसाठी ‘सगळ्या अटी जुळणं’ हे उद्दिष्ट आहे, ‘तुमचा धंदा चालू राहणं’ नाही. अटी जुळवायला एक पॅकेज बळी द्यावं लागलं तर ते देतं. कारण बहुतेक वेळा बाहेरच्या रेपोमधून, म्हणजे डेबियनच्या नसलेल्या पॅकेज-भांडारातून, आलेलं पॅकेज असतं, जे अजून १२ च्या लायब्ररीला चिकटून आहे. नाहीतर कुणीतरी कधीतरी होल्ड करून, म्हणजे आहे त्या आवृत्तीवर गोठवून, विसरलेलं पॅकेज.

म्हणून क्रम असा. आधी १२ पूर्ण ताजं करा, विशेषतः एसएसएच सर्व्हर, ज्यातून तुम्ही दूरच्या मशीनवर शिरता. जुना राहिला आणि अपग्रेड मध्येच अडलं तर दूरच्या मशीनवर नवी जोडणी मिळत नाही. ॲप्ट-मार्क शोहोल्डने होल्ड पाहा. ॲप्ट लिस्टला ऑब्सोलीटचा नमुना देऊन आता कोणत्याच रेपोत नसलेली पॅकेजं पाहा. बॅकपोर्ट्स (जुन्या आवृत्तीसाठी आणलेली नवी पॅकेजं) आणि बाहेरचे रेपो बंद करा. बूट विभाजनात जागा आहे ना, तेही बघा. मग सोर्सेस बदला आणि अपडेट करा. आता लगेच फुल-अपग्रेड नाही: आधी विदाउट-न्यू-पीकेजीएस पर्याय देऊन ॲप्ट अपग्रेड. जे काही काढल्याविना आणि नवं आणल्याविना पुढे जाऊ शकतं ते या पायरीत निघून जातं आणि फुल-अपग्रेडसमोरचा गुंता लहान होतो. ही पायरी गाळणारेच नंतर ‘डेस्कटॉप उडाला’ म्हणत येतात.

त्यानंतर ॲप्ट-गेटला एस पर्याय देऊन डिस्ट-अपग्रेडची रंगीत तालीम घ्या. यात खरं काहीच बदलत नाही. ‘रिम्व्ह’ने, म्हणजे आर-ई-एम-व्ही या चार अक्षरांनी, सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि एकेक वाचा. शंभर ओळी असतील तर शंभर. या टप्प्यावर वाय पर्याय आधीच जोडून देणं हा माझ्या मते गुन्हा आहे.

दुसरी चीड आणणारी सवय: ‘केप्ट बॅक’ दिसलं की त्यातलं एकेक नाव ॲप्ट इन्स्टॉलने बसवायचं. त्याने लायब्ररीवर ‘माणसाने मागून बसवलेली’ असा शिक्का बसतो आणि मग ती नको झाली तरी ऑटोरिमूव्ह, म्हणजे निराधार पॅकेजं काढणारी आज्ञा, तिला हात लावत नाही. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूवर तर कित्येकदा हे केप्ट बॅक टप्प्याटप्प्याने सोडलेल्या अपडेटमुळे असतं. दोन-चार दिवसांत आपोआप येतं. काहून घाई करता?

उबुंटूचा विषय निघालाच आहे तर: तिथे आवृत्ती बदलायला डू-रिलीज-अपग्रेड हे वेगळं साधन आहे. ते सोर्सेस स्वतः बदलतं आणि बाहेरचे रेपो बंद करतं. तिथे हाताने सोर्सेस खरवडू नका.

फुल-अपग्रेडचं काढणं आणि ऑटोरिमूव्हचं काढणं यांतही लोक गफलत करतात. पहिलं भांडण मिटवायला काढतं, दुसरं आता कुणालाच नको म्हणून. ऑटोरिमूव्ह अपग्रेड संपल्या संपल्या चालवू नका. पीएचपीचं बघा: पीएचपी नावाचं पॅकेज आता ८.४ मागतं, त्यामुळे ८.२ निराधार ठरतं. पण ८.२ ची पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल ८.२ च्याच फोल्डरमध्ये असते, ८.४ कडे आपोआप जात नाही. वाढवलेली मेमरी लिमिट, अपलोडची मर्यादा हाताने उचलावी लागते. अपाचे वेब सर्व्हरचं मॉड्यूल बदलून, साइट ८.४ वर चालते हे पाहून मगच ८.२ काढा, पर्ज (सेटिंगसकट काढणं) केलंत तर जुन्या सेटिंगही जातात.

पोस्टग्रेस डेटाबेसचंही तसंच. १७ बसतं, पण तुमचा डेटा १५ मध्येच असतो. १५ नेहमीच्या ५४३२ पोर्टवर आणि रिकामं १७ सहसा ५४३३ वर. ‘डेटा गेला’ म्हणून बोंब मारण्याआधी पीजी-एलएसक्लस्टर्स चालवा. रिकामं १७ पीजी-ड्रॉपक्लस्टरने पाडा, मग पीजी-अपग्रेडक्लस्टरने १५ चा डेटा १७ वर न्या. मारियाडीबी मात्र अपग्रेडच्या आधी नीट बंद झालेलं हवं.

वेळ निवडताना उन्हाळा लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही. डाउनलोड-ओन्ली पर्याय देऊन पॅकेजं आदल्या रात्री उतरवून ठेवा, इन्व्हर्टरची बॅटरी तपासा आणि काम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सत्र जिवंत ठेवणाऱ्या साधनात) करा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं साधन, चालू राहील. तरीही वीज गेलीच तर मशीन सुरू झाल्यावर पुन्हा फुल-अपग्रेड मारू नका. आधी डीपीकेजीला कॉन्फिगर आणि ए हे पर्याय द्या, मग ॲप्टला फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. त्यानेही काही काढायचं म्हटलं तर ती यादीही वाचायचीच.