साताऱ्याचा धूर वर का जात नाही?

हिवाळ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावरून पाहिलं तर खालचं सातारा शहर एका करड्या थराखाली दिसतं. 'थंडीत धूर जड होतो, खाली बसतो' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पण बंबातून निघालेला धूर भोवतालच्या हवेपेक्षा गरम, म्हणजे हलकाच असतो. तो चढायला निघतोही.

एरवी दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे उलटतं. जमीन अवरक्त किरणांवाटे उष्णता आकाशात सोडते, तिला टेकलेली हवा गार होते, वरची मात्र उबदार राहते. हीच तापमानाची विपरीतता.

आता धुराच्या एका पुंजक्यामागे जाऊ. वर दाब कमी, म्हणून पुंजका फुगतो. फुगायला लागणारी ऊर्जा तो स्वतःच्याच उष्णतेतून खर्चतो आणि दर 100 मीटरला जवळपास एक अंश थंडावतो. समजा, जमिनीलगत हवा 12 अंश, 100 मीटरवर 15 आणि धूर 14 अंशांचा. 50 मीटरवर धूर साडेतेरा अंशांवर उतरतो, तिथली हवाही साडेतेराच. संपली चढाई! आणखी वर ढकलला तर तो भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरून परत खाली येतो. मग आडवा पसरण्याखेरीज गत्यंतर नाही.

त्यात साताऱ्याला डोंगरांचा शेजार. यवतेश्वरच्या उतारांवरची गार हवा रात्री पाण्यासारखी ओघळून सखल भागात साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठतात ते वेण्णा तलावाच्या सखल भागात. उंचावरच्या बाजारपेठेत पारा त्याच पहाटे काही अंश वर असतो.

खाली कऱ्हाड-सांगलीकडे ऊसतोडणीचा हंगाम नेमका याच महिन्यांत. पाचट पेटवतात संध्याकाळी, विपरीतता जमू लागते तेव्हाच. (होमाने हवा शुद्ध होते, असे संदेशही याच दिवसांत फिरतात. होमाचा धूरही त्याच थराखाली अडकतो.) लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये अशाच थराखाली कोळशाचा धूर पाच दिवस कोंडला, तेव्हाच्या अंदाजानेच सुमारे 4,000 माणसं दगावली.

ऊन चढलं की थर खालून विरू लागतो. पण जमिनीलगतची हवा घुसळू लागताच रात्रभर वर साठलेला धूर आधी खाली येतो. त्यामुळे सूर्योदयानंतरचा तास-दीड तास फिरायला जाणाऱ्यांना वाटतो तितका स्वच्छ नसतो.