प्रतिक्षिप्त क्रिया

मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता, उद्दीपन मिळताच शरीराकडून आपोआप होणारी झटपट हालचाल. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, ‘आई गं’ त्यानंतर तोंडातून निघते.

त्वचेतील वेदनाग्राहींपासून निघालेला आवेग संवेदी चेतातंतूंवाटे मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतारज्जूत, शिरतो. तिथल्या सहयोगी (दुवा साधणाऱ्या) चेतापेशी तो स्नायूंना हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशींकडे सोपवतात, दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि कोपर वाकते. त्याच वेळी दंडाच्या मागच्या स्नायूला ढिले पडण्याचा इशारा जातो; दोन्ही एकदम आवळले तर हात जागचा हलणारच नाही. स्नायूंची ही जोडगोळी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी बारकाईने उलगडली (नोबेल पारितोषिक, १९३२, एडगर एड्रियन यांच्यासह). अनवाणी पायात काटा रुतला तर तो पाय उचलला जातो आणि दुसरा ताठ होऊन अंगाचा भार पेलतो. हेही मेरुरज्जूचेच काम.

मेंदूला खबर लागते, पण मागाहून, तीही दोन हप्त्यांत. मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टन असलेल्या तंतूंतून आवेग सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. ती पहिली तीक्ष्ण कळ. वेष्टन नसलेल्या तंतूंतला वेग जेमतेम २ मीटर, म्हणून चुरचुर रेंगाळत येते.

सर्वांत साधी वाट गुडघ्याच्या झटक्याची. वाटीखालच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) रबरी हातोडी मारली की पाय उडतो. इथे संवेदी चेतापेशी थेट प्रेरक चेतापेशीला भिडते, मध्ये कोणी नाही. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे याचे वर्णन केले. ‘पाय सैल सोडा’ म्हटले की रुग्ण हमखास तो ताठ करतो. मग दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात आणि झटका ठसठशीत दिसतो. झटका आलाच नाही तर वाटेतली एखादी चेता निकामी झाल्याची शंका येते. पक्षाघातानंतर काही काळाने मात्र तो उलट जोरकस होतो, कारण वरून येणारा मेंदूचा लगाम सुटलेला असतो.

म्हणूनच ‘या क्रियेत मेंदूचा संबंध नसतो’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य अर्धेच खरे. बुबुळातील बाहुली उजेडात आकसते, तीही मस्तिष्कस्तंभ या मेंदूच्याच तळाच्या भागामार्फत. आणि चहाचा कढत कप बोटे पोळत असताना हातून सुटत नाही, ओट्यापर्यंत नेऊन ठेवला जातो, तो मेंदू मेरुरज्जूला थोपवून धरतो म्हणून.