यलोस्टोनला निघण्याआधी: टॉवेल हॉटेलवरच ठेवा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या सहलीचं बुकिंग झालं की हमखास फोन येतो, "यलोस्टोनच्या कुंडात डुंबायला मिळेल ना?" विचारण्यात गैर काही नाही. वज्रेश्वरीला, पालीजवळच्या उन्हेऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या कुंडात उतरत आलो आहोत. पण यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात जिवंत ज्वालामुखी आहे. तिथल्या कुंडांत उतरायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आम्ही उतरू दिलं नसतं.

शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी इथे हजारो वर्षं वावरत होते. बाहेरच्यांपैकी जॉन कोल्टर 1807-08 च्या हिवाळ्यात या भागातून गेला. त्याने वाफा-गंधकाचं वर्णन केलं, तर लोकांनी 'कोल्टरचा नरक' म्हणून थट्टा केली. 1870 मध्ये वॉशबर्नची शोधमोहिमेची तुकडी आली. गरम पाण्याचा फवारा उंच उडवणाऱ्या झऱ्याला 'ओल्ड फेथफुल' हे नाव तिनेच ठेवलं.

याच तुकडीतला ट्रूमन एव्हर्ट्स वाट चुकला. वय 54, नजर अधू, त्यात घोडा सामानासकट उधळला. पठ्ठ्याने दुर्बिणीच्या भिंगाने जाळ केला, काटेरी झुडपांची मुळं गरम झऱ्यात शिजवून खाल्ली, थंडीत ऊब म्हणून झऱ्यांजवळच झोपला. आणि तिथेच अंगाखालची जमीन खचली, वाफेने कंबरेजवळ भाजलं. 37 दिवसांनी तो सापडला तेव्हा शोधणाऱ्याला आधी अस्वलच वाटलं! पुढे 1 मार्च 1872 रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं.

एव्हर्ट्सच्या अंगाखालची ती जमीन आजही तशीच आहे. गरम पाण्यातून येणारी सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, कुंडाच्या काठावर साचते आणि तिची पांढरी खपली धरते. वरून फरशीसारखी दिसते, पण खाली उकळतं पाणी असू शकतं. ओल्ड फेथफुल समुद्रसपाटीपासून बरंच उंचावर असल्याने तिथे पाणी 93 अंशांनाच उकळतं, पण '100 नाही ना' म्हणून बिनधास्त राहू नका. 1981 मध्ये एक तरुण कुंडात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला उडी मारून जिवाला मुकला. आजवर वीसहून अधिक जण असे गेले आहेत.

म्हणून बोर्डवॉक, म्हणजे फळ्यांची वाट, सोडायची नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. मुलांचा हात मोठ्यांच्या हातात हवा, 'जरा पुढे पळू दे' चालणार नाही. एखादी वाट बंद असली तर गाइडशी वाद घालू नका. जुलै 2024 मध्ये यलोस्टोनमधल्याच बिस्किट बेसिन या गरम झऱ्यांच्या भागात जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन बोर्डवॉकच मोडला होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

गव्यासारखे दिसणारे बायसन शांत उभे असतात, तरी निदान 23 मीटर लांब राहा. अस्वलापासून 91.

वाऱ्याने टोपी उडून कुंडाकडे गेली तर जाऊ द्या, रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, सांगा. बसमध्ये जादा टोप्या आम्ही ठेवतोच.