दाबाचा आकडा आणि तो मोजणारी नळी : थोडी पार्श्वभूमी

'घास छातीत अडकतो' ही तक्रार घेऊन भंडारा-गडचिरोलीकडून माणसं नागपुरात येतात. एंडोस्कोपीत काही सापडलं नाही, तर डॉक्टर मॅनोमेट्री सांगतात. नाकातून नळी अन्ननलिकेत उतरवायची, पेशंटला पाण्याचे घोट गिळायला लावायचे आणि स्नायूंचा दाब मोजायचा. रिपोर्टवरचा आकडा सगळे वाचतात. तो कोणत्या नळीने मोजला, हे फारसं कोणी विचारत नाही. मला तर तो पहिला प्रश्न वाटतो.

सुरुवात फुग्यांपासून झाली. १८८३ साली क्रोनेकर आणि मेल्टझर यांनी अन्ननलिकेत फुगे सोडून गिळण्याच्या लाटा टिपल्या. पण फुगा अन्ननलिकेला घासच वाटतो. ती त्याला खाली ढकलू लागते, म्हणजे मोजणाराच मोजमाप बिघडवतो.

मग पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या आल्या. १९५६ मध्ये फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी अन्ननलिका जठराला मिळते तिथे जास्त दाबाचा पट्टा असतो, हे मोजून दाखवलं. चिरफाड करून पाहिलं तर त्या जागी ठळक कडं दिसत नाही, म्हणून तिथे झडप आहे की नाही यावरच वाद होता. (हे काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधलं. आपल्या नागपूरच्या 'मेयो' रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही.)

नुसतं पाणी भरून भागेना, कारण अन्ननलिकेचं आतलं अस्तर नळीच्या छिद्राला चिकटतं. म्हणून पाणी संथपणे वाहतं ठेवायचं. स्नायू छिद्रावर आवळला की पाणी अडतं आणि तो अडथळा बाहेरच्या ट्रान्सड्यूसरला (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाला) कळतो. पण मऊ नळ्या आणि पंप थोडा दाब स्वतःच पिऊन टाकत, त्यामुळे जोरदार आकुंचनही कमी दिसे. १९७७ मध्ये आर्नडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी केशनलिकांतून (केसासारख्या बारीक नळ्यांतून), वायूच्या दाबाखाली पाणी सोडणारा पंप आणला. अगदी थोड्या पाण्यात खरा दाब मिळू लागला. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन डेंट यांनी दुसरी अडचण सोडवली होती. गिळताना अन्ननलिका आखडते, झडप वर सरकते आणि छिद्र तिच्याखाली राहून जातं. डेंट यांनी छिद्राऐवजी काही सेंटीमीटर लांबीची 'स्लीव्ह', म्हणजे दाब टिपणारी लांबट पट्टी, बसवली. झडप त्या पट्ट्यात कुठेही सरकली, तरी दाब नोंदला जाई. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

१९९० च्या दशकात रे क्लाउस यांनी जवळजवळच्या अनेक बिंदूंचे दाब रंगीत नकाशासारखे मांडले. पुढे १-१ सेंटीमीटरवर ३६ सेन्सर असलेले सॉलिड स्टेट कॅथेटर, म्हणजे पाण्याविना चालणाऱ्या नळ्या, आले. सेन्सर आतच असल्याने ते घशातले झटपट बदलही पकडतात आणि पेशंटला बसवूनही तपासता येतं. पाण्याच्या नळीत ट्रान्सड्यूसर बाहेर एका उंचीवर असतो, त्यामुळे पेशंटला आडवं ठेवावं लागतं. एखादा हवेचा बुडबुडा राहिला तरी आलेख दबतो. पण ही नळी स्वस्त आणि टिकाऊ आहे. सॉलिड स्टेट महाग आणि नाजूक. शिवाय शरीराच्या उष्णतेने त्याचे आकडे सरकतात, ते नंतर दुरुस्त करावे लागतात. म्हणून पाण्याच्या कॅथेटरला मागासलेला म्हणणं मला पटत नाही.

आता आकड्याकडे या. गिळताना झडप किती सैलावते, ते आयआरपी (इंटिग्रेटेड रिलॅक्सेशन प्रेशर, म्हणजे सैलावल्यावर झडपेत उरलेला दाब) सांगतो. मॅनोमेट्रीचे रिपोर्ट वाचण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत असलेल्या शिकागो वर्गीकरणाच्या २०२१ च्या आवृत्तीत, पेशंट आडवा असताना, एका कंपनीच्या सॉलिड स्टेट यंत्रासाठी त्याची वरची मर्यादा १५ मिमी पारा आहे, दुसऱ्या काहींसाठी २२. म्हणजे १८ आकडा एका यंत्रावर बिघाड सांगेल आणि दुसऱ्यावर नॉर्मल ठरेल.