हाडांचे खनिज ताकात, तुपात नव्हे

खानदेशात खापरावरच्या मांड्यावर तुपाची धार पडल्याशिवाय पाहुणचार पुरा झाला असे कोणी मानत नाही. तुपाने हाडे मजबूत होतात, हा समजही घरोघरी आहे. प्रत्यक्षात तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश असून त्यात कॅल्शिअम नगण्य असते. घुसळताना लोणी वर येते तेव्हा हाडांना लागणारे खनिज बहुतांशी खाली ताकातच राहते. ज्या घरांत तूप बाजारी जाई आणि ताक घरच्यांच्या वाट्याला येई, तेथे हाडांच्या दृष्टीने सौदा तोट्याचा नव्हता.

दुधातील सुमारे दोन तृतीयांश कॅल्शिअम केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत फॉस्फेटच्या सोबतीने बांधलेले असते आणि उरलेले पाण्यात विरघळलेले असते. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, तेव्हा त्या आंबटपणामुळे कणांतील कॅल्शिअम सुटून पाण्यात उतरते. दही पातेल्यात आहे तोवर काहीच वाया जात नाही. मात्र ते फडक्यात टांगून चक्का केला, की निथळणाऱ्या पाण्याबरोबर बरेचसे कॅल्शिअम निघून जाते. ते पाणी मोरीत ओतण्याऐवजी कढीत घालावे किंवा त्यात कणीक भिजवावी. विरजताना दुग्धशर्करा काही प्रमाणात कमी होत असल्याने, ज्यांना दूध पचत नाही अशा अनेकांना दही सोसते.

आता मात्रेचा हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शिअमची दैनंदिन शिफारस ६०० वरून १००० मिलीग्रॅम केली. १०० मिलीलीटर दुधात ते साधारण १२० मिलीग्रॅम असते, तर १०० ग्रॅम ज्वारीत ३० मिलीग्रॅमही नसते. म्हणजे भाकरी, ठेचा आणि वांग्याच्या भरितावर ही गरज भागणे कठीण आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलीग्रॅम असते, पण आपल्या भागात भाकरी मुख्यतः ज्वारीची किंवा कळण्याची. पालकातही कॅल्शिअम आहे, परंतु त्यातील ऑक्झॅलेट ते धरून ठेवते आणि शरीराला जेमतेम विसावा हिस्सा मिळतो. दुधातील मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शोषले जाते. ताकही किती पातळ आहे ते पाहावे लागते: एक भाग दही आणि तीन भाग पाणी घेतले, तर २०० मिलीलीटरच्या पेल्यात जेमतेम ६० मिलीग्रॅम उरते.

हाडे निर्जीव खांबांसारखी नसतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. रक्तातील कॅल्शिअम ठरावीक पातळीच्या खाली जाऊ न देणे शरीराला अत्यावश्यक असल्याने, आहारातून ते कमी पडले की पॅराथायरॉईड ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून उचल करते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. शोषणासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत उन्हामुळे तयार होते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे उन्हाची वाण नाही. पण त्याच उन्हाच्या धास्तीने माणसे दुपारी घरात थांबतात आणि बाहेर पडताना अंगभर कपडे व रुमाल गुंडाळतात.

दुग्धजन्य आहाराने हाडे मोडण्याचे प्रमाण खरोखर घटते का, याबाबत निरीक्षणात्मक अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांमधील चाचणी अधिक भक्कम आहे. सात हजारांहून अधिक वृद्धांपैकी काहींच्या आहारात दोन वर्षे दूध, दही व चीज वाढवले, तेव्हा त्या गटात अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्या वृद्धांना आधी मिळणारे कॅल्शिअम रोज ६०० मिलीग्रॅमच्या आसपास होते आणि आहारातील प्रथिनेही या बदलाने वाढली होती. त्यामुळे ज्याच्या ताटात दूधदुभते आधीच पुरेसे आहे, त्याने आणखी एक वाटी वाढवून इतक्याच लाभाची अपेक्षा धरू नये.